शेततळ्यातील माशांचे जिवाणूजन्य रोग : औषध टाकण्याआधी काय पाहावे?

माळरान

नमस्कार. आमचे शेततळे सांगली जिल्ह्यातील कवठेमहांकाळ तालुक्यात आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे प्लास्टिकच्या अस्तराचे हे तळे मुळात द्राक्षबागेसाठी खोदलेले आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन (पाळीचे पाणी) आले की ते भरून घ्यायचे आणि उन्हाळ्यात ठिबकने बागेला द्यायचे, असा आमचा शिरस्ता आहे. पाणी साठलेलेच असते म्हणून गेल्या पावसाळ्यात त्यात रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली. मासे पाव किलोच्या पुढे गेले आहेत.

मार्चअखेरीस विरळणीसाठी ओढजाळे टाकले, काही मासे काढून विकले आणि लहान मासे परत सोडले. त्यानंतर आठवड्याभरातच मरतूक सुरू झाली. आरंभी एखाददुसरा मासा दिसत होता, आता रोज सकाळी काठाला मेलेले मासे गोळा करावे लागतात आणि संख्या वाढत चालली आहे. पाठीच्या परापासून दोन्ही अंगांना उतरणारा फिकट पांढरट पट्टा, परांच्या फाटलेल्या कडा आणि काही माशांच्या पोटाशी लाल चट्टे अशी लक्षणे आहेत. दोन-तीन माशांचे पोट फुगून खवले उभे राहिलेले होते. त्यातच द्राक्षाच्या उन्हाळी खरड छाटणीनंतर बागेला पाणी जास्त लागत असल्याने तळ्याची पातळी दोन मीटरवर आली आहे.

औषधांच्या दुकानात विचारले असता कोंबड्यांसाठी वापरली जाणारी एक पावडर देण्यात आली आणि ती पाण्यात विरघळवून तळ्यात ओतण्यास सांगण्यात आले. पुडी अद्याप फोडलेली नाही. हा रोग जिवाणूंचा आहे का, ही पावडर टाकावी का आणि उरलेले मासे विकता येतील का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जलचर

पुडी फोडली नाहीत हे उत्तम केले. ती तशीच बाजूला ठेवावी आणि खाद्य आजपासूनच बंद करावे. माझे शिक्षण मत्स्यशास्त्राचे आहे आणि मत्स्यबीज केंद्रावर काही काळ काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपण दिलेल्या वर्णनावरून पहिला संशय फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूवर जातो. पाठीवरून खोगिरासारखा उतरणारा फिकट पट्टा ही त्याची ओळखीची खूण आहे. या रोगाचे वर्णन डेव्हिस यांनी १९२२ साली अमेरिकेत मिसिसिपी नदीतील माशांवरून केले. पाण्याचे तापमान २५ अंशांच्या पुढे गेले, मासे दाटीत राहिले आणि जाळ्यात अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला गेला की हा जिवाणू बळावतो. आपल्याकडे मार्चअखेरीस या तिन्ही गोष्टी एकदम घडल्या आहेत. फुगलेले पोट, उभे खवले आणि लाल चट्टे हे मात्र एरोमोनास हायड्रोफिला या दुसऱ्या जिवाणूकडे बोट दाखवतात. तो गोड्या पाण्यात आणि माशाच्या आतड्यातही नेहमीच असतो. निरोगी माशाला त्याचा उपद्रव होत नाही. पहिल्या रोगाने कातडी उघडी पडली की दुसरा आत शिरतो, त्यामुळे एकाच तळ्यात दोन्ही लक्षणे दिसणे नवलाचे नाही.

पोट का फुगते हे समजून घेण्यासारखे आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आणि कातडीतून सतत आत झिरपत असते आणि मूत्रपिंड ते अहोरात्र बाहेर टाकत असते. कातडीला जखमा झाल्या की झिरपणे वाढते, रक्तातील क्षार बाहेर जातात, आणि त्यातच जिवाणूंनी मूत्रपिंड निकामी केले की पाणी पोटात साचते. म्हणजे जलोदर दिसू लागला तेव्हा त्या माशाचे आतले काम बिघडून बरेच दिवस झालेले असतात. अशा माशाला वाचवण्यात वेळ न घालवता तो बाहेर काढावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता कृपया चार गोष्टी पाहून कळवाव्यात. पहाटे, सूर्य उगवण्याच्या आधी विरघळलेला ऑक्सिजन किती आहे? सकाळचे तापमान किती आहे? दुपारचा सामू (पीएच) आणि अमोनिया किती आहे? आणि काठाशी मंद पोहणारा, पण अद्याप जिवंत असलेला मासा उचलून त्याच्या कल्ल्यांचे झाकण वर करून पाहावे. तरंगणाऱ्या मेलेल्या माशाचे कल्ले पाहून काहीही ठरवू नये, कारण मेल्यानंतर काही तासांतच ते पांढरे पडून सडू लागतात.

शिवार

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमच्याकडे मरतूक झाली की प्रतिजैविक पाण्यात सोडतात आणि दोन-चार दिवसांत मरतूक थांबते. कोंबड्यांना चालणारे औषध माशांना का चालू नये, हे मला समजत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तळे रिकामे होईल, त्याचे काय करायचे?

जलचर

आपली घाई मला समजते, कारण शेतकऱ्याचे नुकसान रोज होत असते. परंतु पाण्यात ओतलेल्या प्रतिजैविकाने मासे बरे होतात हे मला मान्य नाही, आणि त्याची कारणे सांगतो.

गोड्या पाण्यातील मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. वर सांगितल्याप्रमाणे त्याची सारी धडपड पाणी बाहेर टाकण्याची असते. कोंबडी पाणी पिते, म्हणून तिला पाण्यातून औषध देता येते. शिवाय ऑक्सिटेट्रासायक्लीनसारखे औषध पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी बांधले जाते. आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागातील कठीण (क्षारयुक्त) पाण्यात पुडीतील बराचसा भाग माशापर्यंत पोहोचण्याआधीच निरुपयोगी होतो. एरोमोनास तर ॲम्पिसिलिनला मुळातच दाद देत नाही, त्यामुळे त्या गटातील औषध या रोगात व्यर्थ आहे. मरतूक पुढे थांबते ती बहुधा नाजूक मासे मरून गेल्यामुळे, दाटी कमी झाल्यामुळे किंवा त्याच सुमारास नवे पाणी घेतल्यामुळे. श्रेय मात्र पुडीला मिळते.

कायद्याचाही भाग आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांना मत्स्यपालनात बंदी आहे. कोंबड्यांच्या औषधांत पूर्वी सर्रास असणारे कोलिस्टिन केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी बंद केले आणि त्या बंदीत मत्स्यपालनही येते. माणसाच्या गंभीर संसर्गात इतर औषधे हरली की डॉक्टर ज्याचा आधार घेतात, असे ते औषध आहे. म्हणून माळरान यांनी पुडीवरील घटक भिंगाखाली का होईना, वाचून पाहावेत. आणि हे तळे द्राक्षबागेचे आहे, हे विसरू नये. त्यात जे ओतले जाईल ते ठिबकच्या नळ्यांतून वेलीच्या मुळाशी जाणार आहे.

प्रतिजैविक मुळीच वापरू नये, असे माझे म्हणणे नाही. रोग शरीरात शिरला असेल, जिवाणू कोणता आणि कोणत्या औषधाला दाद देतो हे तपासले असेल, तर मत्स्यतज्ज्ञाच्या किंवा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ते खाद्यातून, माशांच्या वजनावर हिशेब करून, ठरलेले सगळे दिवस द्यावे लागते. त्यातही एक मर्यादा राहते. आजारी मासा खातच नाही, म्हणून औषधी खाद्याचा लाभ होतो तो अजून खात असलेल्या माशांना. त्यामुळेच उपचाराचा निर्णय लवकर व्हायला हवा, आणि तो लवकर होण्यासाठी नमुना लवकर जायला हवा.

कऱ्हाडकर

आमचे कराडजवळ तिलापिया माशांचे बायोफ्लॉक टाके आहेत, म्हणजे पाण्यात वाढवलेले उपयुक्त जिवाणू माशांची घाण वापरून टाकतात असे टाके. गेल्या उन्हाळ्यात काही मासे एका जागी गोल गोल फिरू लागले, डोळे बाहेर आले, बुबुळे धूसर झाली आणि मग मरू लागले. अंगावर जखम मात्र नव्हती. हाही तोच रोग समजावा का?

जलचर

नाही. तिलापियात डोळे बाहेर येणे आणि गोल फिरणे ही स्ट्रेप्टोकोकसची लक्षणे आहेत. स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए आणि स्ट्रेप्टोकोकस इनिए या दोन्ही जाती तिलापियात आढळतात. जिवाणू मेंदूपर्यंत पोहोचतो, म्हणून माशाचा तोल जातो. पाणी तापले आणि टाक्यात दाटी असली की हा रोग उसळतो. त्या काळात खाद्य कमी करणे, दाटी कमी करणे आणि मेलेले मासे ताबडतोब उचलणे यांचा निश्चित उपयोग होतो, कारण मेलेल्या माशाला इतर मासे टोचून खातात आणि रोग तोंडावाटे पसरतो. मात्र तिलापियात विषाणूजन्य रोगही आहे आणि त्यातही डोळे धूसर होतात, म्हणून केवळ डोळ्यांवरून निदान करू नये. पुढच्या वेळी मेंदू आणि मूत्रपिंड यांची तपासणी करून घ्यावी.

वारणाकाठी

वाळवा तालुक्यात आमचे पंगस जातीच्या माशांचे मातीचे तळे आहे. बाहेरून काहीच न दिसता मासे मेले आणि पोट चिरून पाहिले तेव्हा यकृतावर व मूत्रपिंडावर बारीक पांढरे ठिपके दिसले. याविषयीही दोन शब्द लिहावेत. दुसरा प्रश्न घरातला आहे. मासे साफ करताना माझ्या सासूबाईंच्या बोटाला काटा लागला होता. तेथे एक गाठ आली असून ती बरेच दिवस गेली नाही. माशाच्या रोगाचा माणसाला त्रास होतो का?

जलचर

ताई, आधी सासूबाईंचे पाहा. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू माशांत असतो आणि काट्याच्या किंवा खरचटलेल्या जागेतून माणसाच्या कातडीत शिरतो. गाठ सावकाश, काही आठवड्यांनी येते, फारशी दुखत नाही आणि नेहमीच्या गोळ्यांनी जात नाही. ही गाठ तीच आहे असे मी येथून म्हणू शकत नाही, परंतु त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना “मासे साफ करताना काटा लागला होता” हे आवर्जून सांगावे, कारण ते सांगितल्याखेरीज हा संशय सहसा कोणाच्या मनात येत नाही. हाताला जखम असताना हातमोजे घालावेत. नीट शिजवलेल्या माशापासून या जिवाणूंची भीती नाही.

पंगसच्या यकृतावरील ठिपके एडवर्डसिएला इक्टाल्युरी या जिवाणूकडे निर्देश करतात. व्हिएतनाममधील पंगसपालनाला या रोगाने मोठा फटका दिला आहे. त्याचाच भाऊबंद एडवर्डसिएला टार्डा हा मांसात दुर्गंधीयुक्त, वायू भरलेले गळू करतो. पांढरे ठिपके मायकोबॅक्टेरियममुळेही पडतात, म्हणून येथेही तपासणीला पर्याय नाही.

माळरान

सांगितल्याप्रमाणे पाहिले. शेजारच्या कोळंबीपालकांकडून मीटर मागून आणला. पहाटे ऑक्सिजन २.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि तापमान २८ अंश भरले. दुपारी सामू ८.८ असून एकूण अमोनिया १ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. काठाशी आलेल्या एका रोहूचे कल्ल्याचे झाकण उचलले. वरचा भाग लालच होता, पण खालच्या टोकांकडे पिवळसर तपकिरी लगदा चिकटलेला होता आणि तो बोटाने पुसला असता खालची तंतूंची टोके झिजून गेलेली दिसली. एका बाजूचा कल्ला दुसऱ्यापेक्षा अधिक खराब होता. अंगावर माशांच्या उवा (चिकटून राहणारे परजीवी) दिसल्या नाहीत. गावातील एकांनी चुना मारायला सांगितले आहे. पुडीवर कोलिस्टिनचे नाव आहे, त्यामुळे ती दुकानात परत केली.

जलचर

कल्ल्याचे वर्णन फार नेमके केले आहे आणि त्याने कॉलम्नेअरचा संशय बळकट होतो.

चुना आज मुळीच टाकू नये. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो आणि विषारी रूपाचे प्रमाण सामूवर ठरते. २८ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियातील शंभरात एक भागही विषारी नसतो, सामू ८.८ ला तो सुमारे ३० भाग होतो. म्हणजे दुपारी आपले मासे सुमारे ०.३ मिलिग्रॅम विषारी अमोनियात आहेत आणि तो ०.०५ च्या आत असावा लागतो. कळीचा चुना टाकल्यास सामू आणखी वर जाईल आणि एका दुपारीत तळे साफ होईल. चुना रोगावर चांगला, हे ऐकीव सूत्र तळे रिकामे असताना लागू पडते. मासे असलेल्या, हिरव्या झालेल्या तळ्यात नाही.

पहाटेचा २.८ हा आकडाही वाईट आहे. ५ च्या वर असायला हवा. कल्लेच झिजलेले असताना इतक्या कमी ऑक्सिजनवर मासा तग धरू शकत नाही. म्हणून रात्री बारा ते सूर्य वर येईपर्यंत एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवावा. तो नसेल तर मोटारीने तळ्यातलेच पाणी उचलून फवाऱ्याने परत पाडावे. आवर्तन चालू असेल तर नवे पाणी घ्यावे. बागेला पाणी अन्यत्र कोठून देता येत असेल तर या पंधरवड्यात तळ्याची पातळी आणखी उतरू देऊ नये. माझ्या मते या तळ्याचा खरा उपचार हाच आहे.

केवळ ऑक्सिजन संपून होणारी मरतूक वेगळी असते, हेही येथे नोंदवतो. ती एका रात्रीत होते, सर्व जातींचे मासे एकदम मरतात आणि बहुधा मोठे मासे आधी जातात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळच्या अंकली येथे कृष्णा नदीत माशांचा खच पडला होता, तो असा एकाएकी पडलेला होता. रोगाची मरतूक आपल्याकडे चालली आहे तशी दिवसागणिक चढत जाते.

बाहेरील जिवाणूंसाठी पोटॅशियम परमँगनेट वापरता येईल. मात्रा दर लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे घनमीटरला २ ग्रॅम. पाण्याचे माप चुकले तर झिजलेल्या कल्ल्यांना हेच औषध जाळून टाकते.

ओळंबा

मी मिरजेत स्थापत्य अभियंता आहे, म्हणून मापापुरते बोलतो. तीस गुणिले तीस गुणिले तीन करून २,७०० घनमीटर धरण्याची चूक बहुतेक ठिकाणी होते. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात. उतार एकास दीड (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवा) असेल तर तळ २१ मीटर बाय २१ मीटर उरतो आणि काठोकाठ भरलेल्या तळ्यात सुमारे १,९७० घनमीटर पाणी मावते. आता पाणी दोन मीटर आहे, म्हणजे पृष्ठभाग २७ मीटर बाय २७ मीटर असणार. त्यानुसार पाणी सुमारे १,१५८ घनमीटर भरते. परमँगनेट लागेल ते २ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास. २,७०० च्या हिशेबाने ५ किलो ४०० ग्रॅम पडले असते, म्हणजे दुपटीहून अधिक. उतार आपण स्वतः मोजून घ्यावा. अस्तर घालताना ठेकेदाराने दिलेल्या कागदावर तो असतो.

जलचर

आभारी आहे. हे गणित प्रत्येक शेततळेधारकाने वहीत उतरवून ठेवावे.

परमँगनेट सकाळी ऊन आल्यावर, एअरेटर चालू ठेवून, बादल्यांत पूर्ण विरघळवून सर्व बाजूंनी शिंपडावे. कण तसेच पडले तर मासे ते खाद्य समजून गिळतात. पाणी गुलाबी-जांभळे होईल. ते निदान आठ तास तसे राहिले तर मात्रा लागू पडली. तासाभरात तपकिरी झाले तर औषध गाळाने आणि शेवाळाने खाल्ले असे समजावे. तरीही लगेच दुसरी मात्रा टाकू नये. मिठाचा सल्लाही कोणी देईल. टाक्यात मीठ उत्तम काम करते, पण या तळ्यात हजारी एक इतके जरी प्रमाण आणायचे म्हटले तरी ११ क्विंटलहून अधिक मीठ लागेल आणि ते पाणी पुढे द्राक्षाला द्यावे लागेल. तो विचार सोडून द्यावा.

नमुन्याबाबत सांगतो. मंद झालेले पण जिवंत चार-पाच मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत न्यावेत. जिवंत नेणे अशक्य असेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फावर ठेवावेत. गोठवू नयेत आणि शक्य तितक्या लवकर पोहोचवावेत. तरंगणारा मासा दिला तर अहवालात एरोमोनास हमखास येतो, कारण मेलेल्या कोणत्याही माशावर तो काही तासांत वाढतो. अशा अहवालाला अर्थ नसतो. कॉलम्नेअरचा संशय असल्याचे प्रयोगशाळेला आधीच सांगावे, कारण नेहमीच्या पोषक माध्यमावर तो वाढत नाही आणि इतर जिवाणू त्याला झाकून टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्याचा ओला तुकडा पाहिला तरी लांबट, सरपटणारे जिवाणू कडब्याच्या गंजीसारखे रचलेले दिसतात.

रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आपल्या भागात शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे माशांचा नमुना घेतात का, हे आधी दूरध्वनीवर विचारून घ्यावे. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयालाही कळवावे. २०२३ साली केंद्र सरकारने ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲप सुरू केले आहे, त्यावर छायाचित्रासह नोंद करता येते.

माळरान

अहवाल आला. कल्ल्यांवर फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर आणि दोन माशांच्या मूत्रपिंडातून एरोमोनास हायड्रोफिला मिळाला. दुसरा ऑक्सिटेट्रासायक्लीनला दाद देतो, ॲम्पिसिलिनला देत नाही. दरम्यान मरतूक पुष्कळ उतरली आहे. आवर्तनाचे पाणी घेतले, रात्रभर मोटार चालवली, परमँगनेट एकदाच शिंपडले. पहाटेचा ऑक्सिजन आता ४.५ च्या वर राहतो. अशा स्थितीत खाद्यातून औषध सुरू करावे का? आणि व्यापारी मासे मागत आहेत, त्यांना काय सांगावे?

जलचर

मूत्रपिंडातून आलेला एरोमोनास खरा मानावा, म्हणजे काही माशांत रोग आत शिरलेला होता. तरीही मरतूक उतरणीला लागली असेल आणि उरलेले मासे चपळ असतील तर मी औषध देणार नाही. पुन्हा चढ दिसला तरच तज्ज्ञांना अहवाल दाखवून निर्णय घ्यावा. औषध दिल्यास ते संपल्यापासून निदान २१ दिवस मासे विकू नयेत. आपल्या देशात माशातील ऑक्सिटेट्रासायक्लीनच्या अवशेषाची मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम आहे.

व्यापाऱ्यांना मात्र महिनाभर थांबवावे. विक्रीसाठी पुन्हा ओढजाळे टाकणे म्हणजे भरत आलेल्या जखमा उघडणे आहे. अगदीच निकड असेल तर पहाटेच्या गारव्यात फेकजाळ्याने थोडे मासे काढावेत आणि एकदा जाळ्यात आलेला मासा, लहान असला तरी, परत तळ्यात सोडू नये. मेलेले मासे ओढ्यात किंवा कालव्यात न टाकता दूर खड्ड्यात चुन्यासह पुरावेत, नाही तर बगळे ते उचलून शेजारच्या तळ्यात नेतील.

कऱ्हाडकर

एक उपप्रश्न. जाळे आम्ही तीन-चार जण मिळून वापरतो. त्याचे काय करावे?

जलचर

जाळे धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून, पुन्हा स्वच्छ धुवावे आणि कडक उन्हात पूर्ण वाळेपर्यंत पसरावे; ओले जाळे एका तळ्यावरून थेट दुसऱ्या तळ्यावर जाऊ देऊ नये. मीटर, बादल्या आणि हापे (जाळीच्या पिशव्या) यांनाही हाच नियम लावावा. माळरान यांच्या तळ्याचे पाणी मे महिन्यात बागेला देऊन संपेल, तेव्हा अस्तरावरचा गाळ खरवडून काढून तळे आठवडाभर उन्हात कोरडे ठेवावे. चुन्याची वेळ तीच आहे. नवी बोटुकली आणाल तेव्हा पिशव्या तळ्याच्या पाण्यावर पाव तास तरंगत ठेवून तापमान जुळवावे, आणि पिशवीतले पाणी तळ्यात न ओतता फक्त मासे सोडावेत.